गावातल्या माणसाचा नागरी सत्कार: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

ज्या माणसाने तीस-चाळीस वर्षे गावाचे एखादे काम कोणी न सांगता केले, त्याचा सत्कार करावा असे चार जणांच्या मनात येते, चहा पितापिता महिनाही ठरतो, आणि पुढे नेमके काय करायचे हे कोणालाच ठाऊक नसते. शाल, श्रीफळ, मानपत्र हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. परंतु वर्गणीची पावती कोणाच्या नावाने फाडायची, मानपत्र कोणी लिहायचे, पत्रिकेत कोणाचे नाव कुठे घालायचे, हे प्रश्न एकेक करून समोर येऊ लागले की उत्साह ओसरतो. अशा वेळी हाताशी असावा म्हणून हा लेख लिहिला आहे. मी कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाचा कार्यवाह आहे आणि अशा समित्यांवर बऱ्याच वेळा बसलो आहे. काही समारंभ चांगले झाले, काही आमच्याच चुकांनी फसले.

उदाहरणे मी बहुतेक तात्यांच्या सत्काराची देणार आहे. तात्यांचे एस.टी. स्टँडसमोर सायकलदुरुस्तीचे दुकान. गावात कोणी वारले की दुकानाला फळ्या लावून ते स्मशानात जात, सरण रचत, आणि ज्याला मागेपुढे कोणी नाही अशा माणसाला खांदाही देत. त्यांचे पूर्ण नाव येथे देत नाही. ते त्यांना आवडणार नाही.

पहिली पायरी: आधी विचारावे

सत्कारमूर्तींची संमती सर्वांत आधी घ्यायची असते आणि बहुतेक समित्या ती सर्वांत शेवटी घेतात. पत्रिका छापून झाल्यावर त्यांच्या घरी जाऊन "तुम्हाला यायचंच आहे" असे सांगणे म्हणजे त्यांना पेचात पकडणे होय. दोघांनीच घरी जावे, घरची माणसे समोर असताना विषय काढावा आणि लगेच उत्तर मागू नये. पहिला नकार बहुधा संकोचाचा असतो. आठवड्याने पुन्हा विचारल्यावरही तोच नकार आला, तर तो खरा मानून विषय सोडून द्यावा.

नकाराचे कारण मात्र नीट ऐकून घ्यावे, कारण समारंभ कसा असावा याचे उत्तर पुष्कळदा त्यातच असते. तात्या आम्हांला म्हणाले होते, "अहो, माझं काम हे असलं. माझा सत्कार म्हटलं की ज्याला त्याला आपलं माणूस आठवणार. टाळ्या कशा वाजवतील?" यावर आम्हांला काही बोलता आले नाही. आतून सूनबाई म्हणाल्या, "आठवू द्या की मामंजी. त्या दिवशी तुम्ही होता, हेबी आठवंल." पुढच्या आठवड्यात तात्यांनी होकार दिला, पण तीन अटींवर: हार नको, फ्लेक्सवर फोटो नको आणि जमतील ते पैसे स्मशानातल्या लाकडाच्या शेडसाठी. अशा अटी त्याच दिवशी लिहून घ्याव्यात आणि समितीच्या पहिल्या सभेत वाचून दाखवाव्यात. पुढे कोणीतरी उत्साही सभासद "एक तरी मोठा फ्लेक्स लावू या" असे म्हणतोच, तेव्हा तो कागद उपयोगी पडतो.

याच भेटीत प्रकृतीचीही चौकशी करून घ्यावी. सलग किती वेळ बसवते, ऐकू कमी येते का, पायऱ्या चढवतात का, संध्याकाळच्या गोळीची वेळ कोणती, हे ठाऊक असल्याशिवाय कार्यक्रमाची वेळ ठरवू नये.

दुसरी पायरी: निमित्त आणि दिवस

आपल्याकडे एकसष्टी, पंचाहत्तरीचा अमृतमहोत्सव आणि ऐंशी पूर्ण होऊन एक्याऐंशीवे वर्ष चालू असताना होणारे सहस्रचंद्रदर्शन, ही सत्काराची रूढ निमित्ते आहेत. ती सोयीची असली तरी बंधनकारक नाहीत. एखादे काम सुरू होऊन पन्नास वर्षे झाली, हे निमित्त वयापेक्षा केव्हाही चांगले. ज्यांची प्रकृती नाजूक आहे त्यांच्या बाबतीत तर पंचाहत्तरीची वाट पाहत बसणे शहाणपणाचे नाही.

वाढदिवसच धरायचा असेल तर जन्मतारीख तपासून घ्यावी. त्या पिढीतल्या पुष्कळांची दाखल्यावरची जन्मतारीख १ जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती सोयीने लिहिलेली असते. घरच्यांना विचारले तर "नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीचा जन्म" असे काहीतरी कळते आणि मग पंचांगावरून खरा दिवस काढता येतो.

आठवडी बाजाराचा दिवस, पितृपक्ष, दहावी-बारावीच्या परीक्षा आणि पेरणीचा आठवडा टाळावा. लग्नसराईत कार्यालय मिळत नाही आणि मिळाले तरी माणसे मिळत नाहीत. स्थानिक निवडणुकांची आचारसंहिता लागण्याची चिन्हे असतील तर तारीख पुढे न्यावी, कारण त्या काळात व्यासपीठावर कोण बसले याचीच चर्चा होते आणि सत्कारमूर्ती बाजूला राहतात. तयारीला तीन महिने लागतात. त्याहून कमी वेळात सभागृह मिळेल, मानपत्र नीट होणार नाही.

तिसरी पायरी: समिती

काम करणारी समिती सात ते अकरा जणांची असावी: अध्यक्ष, निमंत्रक, कोषाध्यक्ष आणि बाकीचे सभासद. गावातल्या सगळ्या आळ्या आणि वस्त्या तिच्यात याव्यात, स्त्रिया नावापुरत्या नसाव्यात, आणि सत्कारमूर्तींच्या घरचे कोणी नसावे. ज्यांना मान द्यायचा आहे पण काम सांगता येणार नाही, अशा मंडळींसाठी स्वागत समिती नावाची वेगळी यादी करावी. ती साठ नावांची झाली तरी हरकत नाही. प्रत्येक सभेचे इतिवृत्त लिहावे. दोन महिन्यांनी "मी असे म्हणालोच नव्हतो" हे वाक्य हमखास ऐकायला मिळते.

चौथी पायरी: काम शोधून काढावे

सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा, असे माझे मत आहे. अमुक माणूस चांगला आहे हे गावाला ठाऊक असते, पण त्याने नेमके काय केले, केव्हापासून केले, कोणासाठी केले, हे क्वचितच कोणी सलग सांगू शकते. समितीतल्या दोघांनी एक वही घेऊन महिनाभर लोकांकडे जावे. तीन प्रकारच्या माणसांना भेटावे: ज्यांच्यासाठी काम झाले ते, ज्यांनी बरोबरीने काम केले ते, आणि ज्यांचे सत्कारमूर्तींशी कधीतरी वाजले होते ते. तिसऱ्या प्रकारच्या माणसाकडून जे मिळते ते इतरांकडून मिळत नाही. लाकडाच्या वखारीचे जुने मालक आम्हांला म्हणाले, "तात्यानं मला पहाटे चार वाजता उठवून ओलं लाकूड परत घ्यायला लावलं. वर्षभर बोलत नव्हतो आम्ही." पुढे मानपत्रातला सर्वांत चांगला भाग याच भांडणातून आला.

जुनी माणसे साल सांगत नाहीत, खूण सांगतात. "कोयनेच्या भूकंपानंतर" म्हणजे डिसेंबर १९६७ नंतर. "किल्लारी झाली तेव्हा" म्हणजे सप्टेंबर १९९३ ची अखेर. "महापुरात" म्हटले तर २००५ चा की २०१९ चा हे विचारावे. "दुष्काळात" म्हटले तर बहुधा १९७२ चा, पण सांगणाऱ्याचे वय पाहून २०१२-१३ चाही असू शकतो. अशा खुणांची एक चिठ्ठी तयार करून खिशात ठेवावी, त्यात गावाच्या स्वतःच्या खुणा घालाव्यात (पूल कधी झाला, नळ कधी आले, टॉकीज कधी बंद पडली), आणि मुलाखत संपल्यावर प्रत्येक प्रसंगाला साल लावून पाहावे. तात्यांनी हे काम दुष्काळाच्या वर्षी सुरू केले असे सगळे गाव सांगत होते. कागदावर मात्र पहिली नोंद १९७५ ची निघाली. चूक कोणाचीच नव्हती. त्या पिढीच्या आठवणीत सत्तरीतली सगळीच वर्षे दुष्काळाची होऊन बसली आहेत.

कागद कुठे सापडतात हे नवख्यांना ठाऊक नसते. ग्रामपंचायतीचे किंवा नगरपालिकेचे सभावृत्तांत, शाळेचे जनरल रजिस्टर, वाचनालयात बांधून ठेवलेल्या स्थानिक साप्ताहिकांच्या फायली, जुनी पावतीपुस्तके, मंडळांचे अहवाल आणि फोटोंच्या मागे पेनने लिहिलेल्या ओळी, एवढ्या जागा धुंडाळल्या तरी पुष्कळ हाती लागते. मूळ कागद घरी नेऊ नये. जागेवरच मोबाइलवर फोटो काढून तो परत द्यावा. नेणे भागच पडले तर नेल्याची चिठ्ठी लिहून द्यावी आणि आठवड्याच्या आत परत करावा. दुसऱ्याच्या घरचा एकुलता एक फोटो समितीच्या पिशवीत हरवला, असे आमच्या हातून एकदा झाले आहे. त्या घरी आजही मान वर करून जाता येत नाही.

तात्यांच्या बाबतीत खरा ठेवा त्यांच्या दुकानातच होता. लाल कापडी बांधणीच्या लांब चोपड्या, दुकानाच्या हिशेबाच्या असतील असे आम्हांला वाटले होते, त्या स्मशानाच्या निघाल्या. प्रत्येक ओळीत तारीख, नाव, लाकूड किती मण, कोणी दिले आणि किती वाजता अग्नी दिला. बेवारस असेल तर नावाच्या जागी अंगावरचे कपडे लिहिलेले. एका ओळीत होते: "नाव माहीत नाही. पुरुष, अंदाजे ५०. स्टँडवर. हवालदार हजर. हिरवा स्वेटर, कोपरावर रफू." कपडे कशासाठी लिहिता, असे विचारल्यावर तात्या म्हणाले, "उद्या कोणी शोधत आलं तर सांगता यायला हवं ना."

दोन नियम पाळावेत. कोणताही आकडा किंवा तारीख कागदाने अथवा एकमेकांशी न बोललेल्या दोघांच्या सांगण्याने पक्की झाल्याशिवाय मानपत्रात जाऊ नये; एरवी सभागृहातच कोणीतरी उठून दुरुस्ती सांगते. आणि ज्यांना मदत मिळाली त्यांची नावे त्यांना विचारल्याशिवाय कुठेही छापू वा वाचू नयेत. कोणाची फी कोणी भरली, कोणाला दवाखान्यात कोणी नेले, हे गौरवाच्या भरात माइकवर सांगितले जाते आणि समोर बसलेल्या एखाद्याला मान खाली घालावी लागते.

पाचवी पायरी: मानपत्र

मानपत्र तयार झाले की एक परीक्षा घ्यावी. त्यातले नाव खोडून शेजारच्या गावातल्या दुसऱ्या कोणा सज्जनाचे नाव घालावे. मजकूर तसाच चालत असेल तर तो फाडून पुन्हा लिहावा.

आमचा पहिला मसुदा या परीक्षेत साफ नापास झाला होता. "सामाजिक क्षेत्रातील आपले योगदान अतुलनीय असून आपण निःस्वार्थ सेवेचा आदर्श वस्तुपाठ घालून दिला आहे" अशी त्याची सुरुवात होती, आणि साऱ्या मजकुरात स्मशान हा शब्द एकदाही आला नव्हता. लिहिणाऱ्या गुरुजींचे म्हणणे असे की शुभकार्यात तो शब्द नको. यावर दोन सभा झाल्या. अखेर समितीतल्या एका बाईंनी विचारले, "तात्या चाळीस वर्षं जिथं उभे राहिले त्या जागेचं नाव घ्यायची आपल्याला लाज वाटते का?" मग मसुदा बदलला. बदललेल्या मजकुरातला काही भाग नमुन्यासाठी देतो:

"भरदिवसा आपल्या दुकानाला फळ्या लागलेल्या दिसल्या की गावाला कळत असे, कोणीतरी गेले. स्मशानात सर्वांच्या आधी आपण पोहोचत होता आणि सर्वांच्या शेवटी घरी जात होता. लाकूड ओले निघाले म्हणून आपल्याच दुकानातले जुने टायर सरणात घालावेत असे कोणी सुचवले, तर आपण ते कधीही घालू दिले नाहीत. भल्या पहाटे वखार उघडायला लावून सुके लाकूड आणलेत. ज्यांची नावे कोणालाच ठाऊक नव्हती, त्यांच्या अंगावरच्या कपड्यांची नोंद आपण ठेवलीत."

मानपत्राचा रूढ साचा सोपा आहे. वरती समितीचे नाव; मग "आदरणीय अमुक यांस सादर" अशी ओळ; मग "आपण" असे संबोधून चार-पाच परिच्छेद; अखेरीस दीर्घायुष्याची शुभेच्छा, "आपले स्नेहांकित, समस्त नागरिक", स्थळ, दिनांक, आणि सह्या. सह्या दोन-तीनच असाव्यात. शब्द अडीचशे ते तीनशे पुरतात. मोठ्याने वाचायला चार मिनिटांहून जास्त लागत असतील तर काटछाट करावी. विशेषणे शोधून शोधून काढावीत. "कर्मयोगी", "समाजभूषण", "दीपस्तंभ" यांपैकी एकही शब्द नसलेले मानपत्र मी आजवर एकदाच ऐकले, आणि त्या वेळी सभागृहात खोकल्याचाही आवाज नव्हता.

छपाईत घोटाळे होतात ते असे. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये फिरवला जातो, तेव्हा जोडाक्षरे आणि रफार जागा सोडतात. "कार्य" चे भलतेच काही होऊन बसते. म्हणून अंतिम प्रूफ कागदावर घ्यावे आणि समितीबाहेरच्या, शक्यतो शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यावे. सत्कारमूर्तींचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव घरच्यांकडून अक्षरनिशी लिहून घ्यावे. चौकट हलकी असावी. काचेची जड चौकट वृद्ध माणसाच्या हातात देऊन फोटोसाठी दोन मिनिटे उभे करणे बरे नव्हे. वाचनासाठी वेगळी, मोठ्या अक्षरांतली प्रत काढावी, कारण काचेवर दिव्याची चकाकी आली की वाचणारा अडखळतो. वाचणाऱ्याने आधी दोनदा घरी मोठ्याने वाचून पाहावे.

सहावी पायरी: पैसा

सत्काराच्या वेळी थैली देण्याची रीत जुनी आहे, आणि ती सार्वजनिक कामाकडे वळवण्याची रीतही तितकीच जुनी आहे. २३ जुलै १९१६ रोजी लोकमान्य टिळकांच्या साठीनिमित्त पुण्यात त्यांना एक लाख रुपयांची थैली अर्पण करण्यात आली, ती त्यांनी राष्ट्रकार्यासाठी देऊन टाकली. आपल्या गावची थैली लहान असेल. मात्र ती कोणासाठी आहे हे वर्गणी मागण्याच्या आधी ठरलेले आणि पावतीवर छापलेले असावे. सत्कारमूर्ती खरोखर अडचणीत असतील, तर त्यांच्या पुढच्या औषधपाण्याची सोय करणे यात कमीपणा काही नाही. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देण्याचे काम महाराष्ट्रात सामाजिक कृतज्ञता निधीने केलेच आहे. फक्त रक्कम व्यासपीठावरून पुकारू नये.

वर्गणी कोणा एकाच्या खासगी खात्यावर किंवा क्यूआर कोडवर घेऊ नये; माणूस कितीही सचोटीचा असला तरी पुढे बोलायला जागा राहते. तीन महिन्यांपुरत्या समितीचे बँकेत खाते उघडणे जिकिरीचे असल्याने, गावातली एखादी नोंदणीकृत संस्था, वाचनालय किंवा शिक्षण संस्था, हिला ठराव करून यजमान करावे आणि सगळे व्यवहार तिच्या खात्यातून करावेत. नोंदणी नसलेल्या मंडळाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे जमवायचे असतील, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ क पाहावे. गणेशोत्सव मंडळे दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून जी परवानगी काढतात ती याच कलमाखाली असते.

आयकराचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेल्या रकमांची बेरीज ५०,००० रुपयांच्या वर गेली, तर वरची तेवढीच नव्हे, सगळी रक्कम घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते. थैली मोठी असेल तर ती थेट व्यक्तीला द्यावी की संस्थेमार्फत कामाला द्यावी, हे सनदी लेखापालाला आधी विचारून घ्यावे.

खर्चाबाबत माझे मत सांगतो, पटले तर घ्यावे. जमलेल्या पैशांपैकी मांडव, जेवण आणि फ्लेक्स यांवर निम्म्याहून जास्त जात असतील तर समारंभ लहान करावा.

सातवी पायरी: समारंभाचा दिवस

रूढ क्रम असा असतो: स्वागत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, दोन-तीन मनोगते, मानपत्रवाचन, सत्कार, सत्कारमूर्तींचे मनोगत, प्रमुख पाहुण्यांचे भाषण, अध्यक्षीय समारोप आणि आभार. कागदावर हा दोन तासांत बसतो, प्रत्यक्षात तीन तासही पुरत नाहीत, आणि सत्कारमूर्तींची पाळी येईपर्यंत मागच्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागतात. म्हणून मानपत्र आणि सत्कार पहिल्या पाऊण तासात उरकावेत आणि सत्कारमूर्तींना लगेच बोलू द्यावे. पुढाऱ्यांना बसायला हरकत नसावी. मनोगतासाठी बोलक्या माणसाऐवजी ज्याच्यासाठी काम झाले असा माणूस निवडावा, त्याची तयारी असेल तर. तात्यांच्या कार्यक्रमात एका भाजीवालीने माइक हातात धरून एवढेच सांगितले की तिचा नवरा पुराच्या दिवसांत, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, गेला तेव्हा नदीकाठचे स्मशान पाण्याखाली होते आणि तात्यांनी माळावर जागा शोधून ट्रॅक्टरने लाकूड नेले. ती खाली बसली तेव्हा टाळ्या वाजल्या नाहीत. तात्यांचा अंदाज तेवढा बरोबर निघाला.

सत्कारमूर्तींबरोबर त्यांच्या पत्नीला किंवा पतीला व्यासपीठावर खुर्ची असावी आणि मानपत्रात त्यांचा उल्लेख असावा. घर कोणी सांभाळले हे गावाला ठाऊक असते. सत्कारमूर्ती स्त्री असेल आणि त्यांचे पती हयात नसतील, तर कुंकू, ओटी, खण-नारळ यांचे काय करायचे हे ऐन वेळी व्यासपीठावर ठरवण्याची वेळ येऊ देऊ नये. कुंकवाचा करंडा पुढे करून मागे घेतलेला हात मी पाहिला आहे. तो अपमान शालीने झाकला जात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन केले, त्यामुळे समितीत कोणी कुरकुर केली तर हा दाखला द्यावा. त्या बाईंना काय हवे आहे हे मात्र त्यांनाच आधी विचारावे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. खुर्ची हात असलेली आणि फार खोल नसलेली असावी, सोफा नको. सोफ्यातून उठताना वृद्धांची तारांबळ होते. पायऱ्यांना कठडा नसेल तर दोन तरुण उभे करावेत. मे महिन्यात शाल पांघरून ठेवू नये, घालून लगेच घडी करावी. पुष्पगुच्छांऐवजी पुस्तके आणा असे पत्रिकेतच छापावे. उघड्या मैदानात ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी लागते, आणि रात्री १० नंतर तो बंद करावाच लागतो. पत्रिकेतल्या नावांवरून रुसवे होतातच. अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणे सोडून बाकीची नावे अकारविल्हे लावली की निम्मे रुसवे कमी होतात.

आठवी पायरी: शासकीय पुरस्कारासाठी शिफारस

चौथ्या पायरीत जमवलेले कागद येथे पुन्हा कामाला येतात. १९५४ पासून दिल्या जाणाऱ्या पद्म पुरस्कारांसाठी कोणीही नागरिक कोणाचेही नाव सुचवू शकतो. त्यासाठी आमदार-खासदारांचे पत्र लागत नाही. नामांकन केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन करायचे असते आणि कामाचा परिचय जास्तीत जास्त ८०० शब्दांत द्यायचा असतो. मुदत दर वर्षी जाहीर होते, ती पाहून घ्यावी. मरणोत्तर पुरस्कार सहसा दिला जात नाही, त्यामुळे उशीर करू नये. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपल्याबद्दल २०२० मध्ये, तर बीड जिल्ह्यातल्या शब्बीर सय्यद यांना गायी सांभाळल्याबद्दल २०१९ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, म्हणजे आडगावचे काम तेथवर पोहोचत नाही असे नाही. राज्य पातळीवर महिला समाजसेविकांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कार आहे, आणि सामाजिक न्याय विभागाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण पुरस्कार आहे. अर्ज जिल्हा पातळीवरच्या त्या त्या कार्यालयांत विचारावेत.

८०० शब्दांचा परिचय लिहिताना मानपत्राची भाषा सोडून द्यावी. कोणत्या वर्षी काय सुरू केले, किती गावांत, किती जणांना उपयोग झाला, पैसा कुठून आला, आज काय चालू आहे, एवढेच सरळ लिहावे. यालाही सत्कारमूर्तींची वेगळी संमती घ्यावी. तात्यांनी ती दिली नाही, म्हणून आम्ही नाव पाठवले नाही.

नववी पायरी: समारंभानंतर

पंधरा दिवसांच्या आत जमाखर्च टाइप करून वाचनालयाच्या आणि नगरपालिकेच्या फलकावर लावावा. देणगीदारांना पावती मिळाली की नाही ते पाहावे. निवडक फोटो छापून सत्कारमूर्तींच्या घरी नेऊन द्यावेत. व्हॉट्सअॅपवर टाकलेले तीनशे फोटो त्या घरात कोणी उघडत नाही. थैलीतून जे काम व्हायचे होते ते झाले का, हे सहा महिन्यांनी समितीने पुन्हा एकदा जमून पाहावे. आमच्या शेडचे पत्रे पावसाळ्याच्या आधी बसले, बाजूची भिंत राहिली, ती दुसऱ्या वर्षी झाली.

शेवटचे काम कोणाला आठवत नाही, म्हणून आग्रहाने सांगतो. मुलाखतींची वही, कागदांचे फोटो, मानपत्राची प्रत, भाषणांचे ध्वनिमुद्रण आणि जमाखर्च असे सगळे एका फाइलमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर घालून वाचनालयात दाखल क्रमांक टाकून ठेवावे, म्हणजे पुढे कोणी गावाचा इतिहास लिहायला बसला तर त्याला सापडेल. तात्यांच्या पहिल्या दहा चोपड्यांच्या छायाप्रती आमच्याकडे कपाटात आहेत. अकरावीची प्रत अजून काढलेली नाही. ती दुकानात आहे आणि चालू आहे.